दुरुस्तीनंतर गाडी किंचाळू लागली (मारुती ८००, १९९८)

वाशिष्ठीकाठी | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मजकूर लांबणार आहे, पण अर्धवट माहिती देऊन तुम्हाला उलट प्रश्न विचारायला लावण्यापेक्षा सगळं एकदाच लिहिते.

गाडी मारुती ८००, १९९८ ची, कार्बोरेटरवाली, एसी आहे. बाबांनी घेतलेली. ते गेल्यापासून मी चालवते. मी चिपळूणला असते, आई कराडला, त्यामुळे दर शनिवार-रविवार कुंभार्ली घाट ठरलेला. गाडी विकायची नाही, तेव्हा "आता नवी घ्या" असं कृपया कुणी सुचवू नका.

पावसाळ्याआधी मोठं काम करून घेतलं. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, फॅन बेल्ट आणि पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड. गॅरेजमध्ये दिली तेव्हा गाडीला काही आवाज नव्हता. घेऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून दोन आवाज सुरू झाले.

पहिला बॉनेटमधून. सकाळी पहिल्यांदा चालू केली की "चींईंईं", दहा-पंधरा सेकंद. शेजारच्या काकूंचं तान्हं नातवंड जागं होतं, इतका मोठा. पाऊस पडून गेलेला असला तर जास्तच. मग थांबतो, पण रात्री हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावले की परत येतो.

दुसरा चालत्या गाडीत. हळू असताना, उतारावर जास्त. चीं... चीं... चीं... असा तुटक, चाकाच्या फेऱ्यांबरोबर. घाटात काच खाली असली की कठड्यावर आपटून कानात येतो. डावीकडून येतो असं वाटतं. आणि ब्रेकवर नुसता पाय टेकवला की बंद!

गॅरेजला दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा त्यांनी बेल्ट ओढून घट्ट केला. चार दिवस शांतता, मग चींईंईं परत, आणि त्याच्या जोडीला आता एक बारीक "ऊंऽऽ" पण लागलाय. ब्रेकबद्दल म्हणाले, "नवे पॅड आहेत, हजारभर किलोमीटरात बसतील." बाराशे झाले. काल म्हणाले, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) बदलून बघू. गॅरेजचं नाव लिहीत नाही, माणूस चांगला आहे, बाबांपासूनची ओळख आहे. पण "बदलून बघू" यावर पैसे घालायची माझी तयारी नाही.

नाशिकरोड | शनिवार, रात्री १०.०५

बेल्टच्या आवाजावर सोपा उपाय: स्प्रे मिळतो बेल्टवर मारायचा. तो नसेल तर अंघोळीचा साबण कोरडा घासा आतल्या बाजूने. आमच्या जुन्या गाडीला वडील हेच करायचे.

दहा_अकरा | शनिवार, रात्री ११.२०

ताई, साबण नको आणि स्प्रेही नको. दोन्हींनी आवाज चार दिवस दबतो, बेल्टवर चिकट थर बसतो, त्यावर घाटातली धूळ बसते आणि खरं दुखणं झाकलं जातं. बेल्ट ओरडतो म्हणजे तो घसरतोय किंवा वाकडा पळतोय. तो का घसरतोय हे शोधायचं.

मी कोल्हापुरात बत्तीस वर्षं गॅरेज चालवलं, आता मुलगा बघतो. गिऱ्हाईक "आवाज येतो" म्हणत आलं की मी बॉनेट उघडायच्या आधी दोनच गोष्टी विचारायचो: कधी येतो, आणि काय केलं की थांबतो. कुठून येतो हे नंतर. कान फसवतो, पत्र्यातून आवाज कुठूनही कुठेही जातो. "कधी" मात्र फसवत नाही. तुम्ही दोन्ही आवाजांचं "कधी" लिहिलंय, म्हणून मला इथे बसून काहीतरी सांगता येतंय.

पहिला आवाज. सकाळी स्टार्टर मारताना बॅटरीतून बरीच वीज जाते. गाडी चालू झाल्या झाल्या अल्टरनेटर ती भरून काढायला लागतो, म्हणजे त्याची पुली फिरायला जड होते. हेडलाइट आणि ब्लोअर लावले की पुन्हा जड. दोन्ही वेळी आवाज येतो, म्हणजे जड पुलीवर बेल्ट घसरतोय. दमट हवेत जास्त घसरतो. इथपर्यंत सरळ आहे.

आता सरळ नसलेली गोष्ट. बेल्ट घट्ट केला तरी चार दिवसांत परत घसरतो. ढिला बेल्ट घसरणं समजू शकतो, घट्ट बेल्ट का घसरावा? आणि तो "ऊंऽऽ" मला आवडला नाही. बेल्ट गरजेपेक्षा जास्त ओढला की अल्टरनेटरच्या आणि वॉटर पंपाच्या बेअरिंगवर आडवा ताण येतो, ते असं गुणगुणायला लागतात. तुमचा वॉटर पंप नवा आहे, त्याचं बेअरिंग खराब व्हायच्या आत बेल्ट सैल करा. अल्टरनेटर अजिबात बदलू नका, निदान उद्यापर्यंत.

उद्या उजेडात एवढं बघा. गाडी चालू करून आवाज येत असताना बाटलीने बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं साधं पाणी उडवा. ओढणी, केस, बांगड्या सांभाळून, हात लांब ठेवून. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. आवाज वाढला तर घसरण. मग गाडी बंद करून, चावी काढून, टॉर्चने पुलीच्या खोबणीत बघा. तळ कसा दिसतो ते मला सांगा.

पद्मिनीप्रेमी | रविवार, सकाळी ७.१५

काकांनी खोबणीचा तळ बघायला का सांगितला ते माझ्या लक्षात आलं, पण उत्तर ताईंकडूनच येऊ दे.

एक जाता जाता. या बेल्टला सगळे फॅन बेल्ट म्हणतात, पण ८०० मध्ये रेडिएटरचा पंखा विजेच्या मोटरवर चालतो. बेल्ट फिरवतो तो अल्टरनेटर आणि वॉटर पंप. त्यामुळे तो तुटला की नुसती बॅटरी उतरत नाही, पाणी फिरायचं थांबतं आणि इंजिन तापतं. घाट चढताना तुटला तर हेड गॅसकेट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) जायला वेळ लागत नाही. आवाजाकडे दुर्लक्ष करत नाही आहात हे फार बरं करताय.

तिन्हीसांज | रविवार, सकाळी ८.३०

मध्येच विचारते. माझ्या वॅगन आरला क्लच प्लेट बदलल्यापासून क्लच दाबला की चिरका आवाज येतो, सोडला की बंद. हाही बेल्टच का?

दहा_अकरा | रविवार, सकाळी ८.५०

नाही. दाबल्यावर येतो तर रिलीज बेअरिंग. प्लेट बदलताना बहुतेक जुनंच बसवलं असेल, बिलात बघा. उलट असतं, म्हणजे न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर घरघर आणि दाबल्यावर शांत, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग बघावं लागलं असतं. तुमचं गॅरेजला दाखवा, गिअरबॉक्स परत उतरवावा लागेल. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन, इथे ताईंच्या गाडीचं चालू दे.

वाशिष्ठीकाठी | रविवार, दुपारी १.१०

काका, पाणी उडवल्यावर आवाज वाढला. पुली थोडी थोडी फिरवून खोबणीत पाहिलं. तळ चकचकीत आहे, स्टीलच्या ताटासारखा. दोन्ही बाजूच्या भिंती मात्र काळपट. आणि बेल्ट खोबणीत आत बुडालेला दिसतो, त्याची वरची कड पुलीच्या काठाच्या बरीच खाली आहे. हे असंच असतं का?

दहा_अकरा | रविवार, दुपारी १.४०

असं नसतं. सापडलं तुमचं.

हा व्ही बेल्ट आहे, पाचरीसारखा. तो खालच्या पोटाने पकडत नाही, दोन बाजूंच्या तिरक्या अंगांनी पकडतो. लाकडात पाचर ठोकली की ती बाजूंनी आवळली जाते, तसंच. म्हणून खोबणीच्या भिंती चकचकीत पाहिजेत आणि तळ मळका. तुमच्याकडे उलटं आहे, म्हणजे बेल्टचं पोट तळाला टेकलंय आणि पाचर सुटलीय. असा बेल्ट कितीही ताणा, पकड येत नाही, सगळा ताण बेअरिंगवर जातो. घट्ट करूनही तो का घसरतो, याचं उत्तर हे.

आता कारण दोनांपैकी एक. बेल्टची रुंदी कमी आहे, किंवा पुली झिजून तिची खोबण रुंद झालीय. जुना बेल्ट जपून ठेवलाय का?

वाशिष्ठीकाठी | रविवार, दुपारी २.०५

डिकीत आहे! बाबांची सवय, काढलेला बेल्ट अडीअडचणीला म्हणून स्टेपनीपाशी ठेवायचा. मीही तेच करते. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर आहे, उद्या मोजते.

घाटवाट | रविवार, रात्री ९.००

बेल्ट मार्गी लागतोय, आता ब्रेककडे वळू. मी कराडचा, कुंभार्ली माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे. ताई, तीन प्रश्न:

नवे पॅड बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात घाट उतरलात का?

घाट उतरून खाली थांबलात की डावं आणि उजवं चाक सारखंच तापलेलं असतं का? हात लावू नका, रिमवर पाण्याचे थेंब टाका.

आणि गाडी चिपळूणच्या २०२१ च्या पुरात होती का?

वाशिष्ठीकाठी | सोमवार, रात्री ८.३०

आधी बेल्ट. जुना झिजलेला असूनही नव्यापेक्षा जवळजवळ दोन मिलिमीटर रुंद भरला. लांबी जुळली म्हणून दुकानदाराने दिला असणार आणि बसवणाऱ्यानेही लांबीच पाहिली असणार. आज जुना बेल्ट हातात घेऊन दुकानात गेले, त्याच रुंदीचा घेतला आणि गॅरेजमध्ये समोर उभं राहून बसवून घेतला. वरची कड आता पुलीच्या काठाबरोबर येते. बेल्ट काढलेला असतानाच दोन्ही पुल्या हाताने फिरवून पाहिल्या, खरखर नाही, हलतही नाहीत. "ऊंऽऽ" गेला. अल्टरनेटर वाचला. मिस्त्रींनी स्वतःहून त्या अरुंद बेल्टचे पैसे घेतले नाहीत आणि "हे मला दिसायला हवं होतं" म्हणाले. मला बरं वाटलं.

आता ब्रेक. होय, पॅड बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी घाट उतरले. आज मुद्दाम डोंगराकडे एक फेरी मारून आले. थेंब टाकले तर उजव्या चाकावर नुसते ओघळले, डाव्यावर चर्रर्र झालं.

आणि पूर. २२ जुलै २०२१. गाडी आदल्या रात्री उंचावरच्या ओळखीच्यांच्या अंगणात नेऊन ठेवली होती म्हणून वाचली. तिथेही पाणी आलंच, पण अर्ध्या चाकापर्यंत. आत गेलं नाही, इंजिन कोरडं होतं. त्या वेळी ऑइल आणि मागचे ड्रम तपासून घेतले होते. पुढचं काही उघडल्याचं आठवत नाही.

घाटवाट | सोमवार, रात्री ९.१५

म्हणजे माझा अंदाज असा: डाव्या कॅलिपरची पिन अडकलीय.

जे वाचतायत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्हीकडून पॅडने आवळणारा चिमटा. या गाडीच्या पुढच्या ब्रेकला पिस्टन एकच, आतल्या बाजूला. पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या धक्क्याने सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पाय काढला की कॅलिपर त्याच पिनांवर किंचित मागे सरतो. पिनांवर रबरी बूट असतात, आत ग्रीस. बूट फाटला, पाणी-चिखल आत गेला की पिन गंजून रुतते. मग ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. असा अर्धवट सुटलेला पॅड थरथरतो आणि ओरडतो. ब्रेक दाबला की तो घट्ट धरला जातो, थरथर थांबते, म्हणून आवाज बंद. "पाय टेकवला की थांबतो" हे तुम्ही पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. आवाज फक्त ब्रेक दाबल्यावर येत असता तर मी पिनेकडे इतक्या लवकर गेलो नसतो, आधी पॅडचा पृष्ठभाग आणि मागची पातळ पत्र्याची शिम बघितली असती.

जुने पॅड झिजलेले, पातळ होते, त्यांना आत मोकळी जागा होती. नवे जाड पॅड बसवले आणि रुतलेल्या पिनेवर जागाच उरली नाही. म्हणून "दुरुस्तीनंतर" आवाज. दुखणं जुनंच असावं.

चाक काढून बघायला सांगा. डाव्या बाजूचा पॅड एका टोकाला जास्त झिजलेला दिसला तर खात्रीच. आणि तोवर घाट नको. घासणारा ब्रेक उतारावर तापतच राहतो, फार तापला तर ब्रेक ऑइल उकळतं आणि पॅडल थेट खाली जातं. या शनिवारी एसटीने जा ताई, मनापासून सांगतो.

नाशिकरोड | सोमवार, रात्री ९.३०

साबणाचा सल्ला मागे घेतो. पाचरीचं स्पष्टीकरण वाचून माझ्याही गाडीची खोबण टॉर्चने बघितली, भिंती चकचकीत, तळ मळका. चांगला धागा आहे हा.

दहा_अकरा | सोमवार, रात्री १०.००

घाटवाट यांच्याशी सहमत. बसवताना या गोष्टी करून घ्या:

पिन नुसती पुसून परत घालू नका. फार खड्डे पडले असतील तर नवीच घ्या, नसतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा. बूट नवे. ग्रीस ब्रेकसाठीचं, सिलिकॉनचं. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे कधीच नाही, त्याने रबर फुगतं आणि सहा महिन्यांत पिन पुन्हा रुतते. हे मी खूप गाड्यांत पाहिलंय, चांगल्या मनाने लावलेलं चुकीचं ग्रीस.

कॅलिपर लटकता सोडू देऊ नका. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळला की नळी आतून चिरते. तारेने स्प्रिंगला बांधून ठेवायला सांगा.

पॅडच्या मागची पातळ पत्र्याची शिम जागेवर आहे का बघा. पॅड बदलताना ती जुन्या पॅडबरोबर कचऱ्यात जाते, आणि मग नवा पॅड ब्रेक दाबल्यावर ओरडतो.

डिस्कच्या मागचा धुळीचा पत्रा वाकून डिस्कला लागत नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्या. चाक काढता-घालताना तो सहज वाकतो.

वाशिष्ठीकाठी | बुधवार, रात्री १०.१५

आज सुट्टी घेऊन गॅरेजमध्येच बसले.

डावं चाक काढलं. बाहेरचा पॅड वरच्या टोकाला जाड आणि खालच्या टोकाला पातळ, पाचरीसारखा, नुसत्या डोळ्यांना दिसत होता. बाराशे किलोमीटरात! पृष्ठभाग काचेसारखा. वरची पिन हाताने सरकली. खालची हलेना. गंज सोडवायचं तेल मारून अर्धा तास थांबलो, मग पान्याने इकडे-तिकडे फिरवत फिरवत निघाली. बूट एका बाजूने फाटलेला होता.

पिन मी हातात घेतली. गंजाच्या खाली, खाचेत, एक सुकलेला थर होता, राखाडी-पिवळसर. मी नखाने खरवडला आणि लगेच ओळखला. पुरानंतर महिनाभर आम्ही घरातून तोच खरवडत होतो. कपाटामागे, देव्हाऱ्याच्या खालच्या फळीत, पंपाच्या पेटीत. वाळला की पिठासारखा होतो आणि ओला झाला की पुन्हा चिकटतो. इतकी वर्षं तो या बोटभर पिनेवर बसून होता. मिस्त्री काही बोलले नाहीत, त्यांचं दुकानही तेव्हा बुडालं होतं. त्यांनी उजवं चाकही न सांगता उघडलं. तिथले बूट शाबूत होते, तरी दोन्ही पिना साफ करून नवं ग्रीस भरलं.

पिन खड्डेदार झाली होती म्हणून नवी, बूट चारही नवे. डावी-उजवीकडे ब्रेक सारखाच लागावा म्हणून पॅडची जोडी दोन्ही चाकांना पुन्हा नवी घेतली. शिम काकांनी म्हटल्याप्रमाणे नव्हतीच, दोन्ही बाजूंना. ती मिळाली. धुळीचा पत्रा ठीक आहे.

आता विचारायचं ते हे: पॅड "बसवायचे" कसे? मागच्या वेळी तिसऱ्याच दिवशी घाट उतरण्यात माझी चूक झाली का?

घाटवाट | बुधवार, रात्री १०.४०

मोकळा सरळ रस्ता बघा, सकाळी लवकर. पन्नास-साठच्या वेगावरून मध्यम दाबाने दहा-पंधरापर्यंत आणा, पूर्ण थांबू नका. पुन्हा वेग घ्या, मधल्या वेळात ब्रेक जरा निवू द्या. असं आठ-दहा वेळा. मग काही किलोमीटर ब्रेक फारसा न लावता चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभं राहू नका. याने पॅडचा एक पातळ सारखा थर डिस्कवर बसतो आणि पकड एकसारखी येते. पहिले काही दिवस घाट टाळलेला बरा, कारण सतत हलका ब्रेक धरून उतरलं की नवा पॅड तापून त्याची काच होते.

मागच्या वेळची चूक म्हणाल तर तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि घाट उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, इंजिनाला धरू द्या.

वाशिष्ठीकाठी | पुढचा सोमवार, रात्री ८.५०

गुरुवारी सकाळी बाह्यवळणावर दहा वेळा करून घेतलं. शनिवारी एसटीने गेले. काल, रविवारी, कराडहून परत आल्यावर पुन्हा एक फेरी मारून दोन्ही चाकांवर थेंब टाकले, दोन्हीकडे सारखे ओघळले. आज पहाटे पाऊस होता, गाडी चालू केली, हेडलाइट लावले, ब्लोअर लावला, दोन मिनिटं थांबले. इंजिनाचाच आवाज, बाकी काही नाही.

एकच राहिलं. रात्रभर पावसात उभी राहिली की निघताना पहिल्या ब्रेकला एक बारीक "चर्र" येतो, नंतर दिवसभर नाही. हे काय?

दहा_अकरा | सोमवार, रात्री ९.०५

ते सोडून द्या. डिस्क बिडाची असते, पावसात रात्रीत तांबूस गंज धरते, पहिल्या एक-दोन ब्रेकला तो पुसला जातो. कोकणात पावसाळाभर होणारच. तिसऱ्या-चौथ्या ब्रेकलाही आला तर कळवा.

आणि नवा बेल्ट पहिल्या काही दिवसांत थोडा सैल पडतो. पाचशे किलोमीटर झाले की दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबून बघा. सेंटीमीटरच्या आत दबला तर हात लावू नका.

वाशिष्ठीकाठी | सोमवार, रात्री ९.२०

ड्रायव्हरच्या बाजूच्या सनव्हायझरमागे बाबांची छोटी वही असते, ऑइल कधी बदललं वगैरे लिहायची. आजचा आकडा आणि पाचशेनंतरचा आकडा त्यात लिहून ठेवला. जुना रुंद बेल्ट परत स्टेपनीपाशी ठेवलाय. येत्या शनिवारी घाट चढते आहे.